माझं मत तिला द्या

आधी नकाशा.

मधोमध एक डोंगर घ्या. अलीकडे ऑर्डवे, पलीकडे किट्रिज. डोंगरावरून मातीचा एक रस्ता जातो, पण पहिला बर्फ पडला की तो बंद. मग ऑर्डवेहून किट्रिजला जायचं तर दक्षिणेला उतरायचं, दुसऱ्यांच्या मतदारसंघातून वळसा घालायचा आणि पलीकडून वर चढायचं. आपल्याच मतदारांना भेटायला परक्यांच्या दारावरून जावं लागतं. दोन गावांच्या मध्ये एक तिकोनी चिंधी आहे. जुन्या काळच्या मोजणीदारांच्या साखळ्या जुळल्या नाहीत, म्हणून उरलेली. तिला टोलमन गोअर म्हणतात. तिथे माणसं कमी, कुत्री जास्त, आणि कुत्र्यांना राजकारण अजिबात आवडत नाही.

हे सगळं मिळून अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या विधानसभेत दोन प्रतिनिधी पाठवतं. दोन जागा, म्हणून प्रत्येकाला दोन मतं. मतपत्रिकेवर नावापुढचा गोल काळा करायचा. असे दोन गोल.

त्या वर्षी नावं तीन होती.

ड्वाइट हॅझन, खडीच्या खाणीचा मालक. दोन्ही गावांत असं घर नाही ज्याच्या दारात त्याची खडी पडलेली नाही. माणूस सज्जन, भाषण वाईट.

कॉरिन पाकेत, किट्रिजची, शाळेची बस चालवणारी. वय चौतीस. नवी.

आणि आल्मा थिबो. ऑर्डवेची. सोळा वर्षं प्रतिनिधी. तिच्याबद्दल कुणी काही बोलतच नव्हतं, कारण ती निवडून येणार हे ठरलेलंच होतं. तिच्या बरोबरीने इतकी वर्षं दुसऱ्या जागेवर बसणारे एमेट नावाचे म्हातारे गृहस्थ यंदा निवृत्त झाले होते. तेव्हा झुंज काय ती त्या दुसऱ्या जागेसाठी, ड्वाइट आणि कॉरिनमध्ये. असं सगळे समजत होते. आल्माही.

कॉरिनला उभं केलं ते आल्माने. बसच्या पायरीवर बसून, तीन वेळा जाऊन, गळ घालून. "मला बोलता येत नाही," कॉरिन म्हणाली होती. "तू चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवतेस, तिथे दीडशे मोठी पोरं आहेत, एवढाच फरक," आल्मा म्हणाली होती. त्यानंतर तिने मनातल्या मनात जानेवारी रंगवायला सुरुवात केली. राजधानीत, माँटपिलियरला, तिने वर्षानुवर्षं भाड्याने घेतलेल्या खोलीत दुसरी खाट. मंगळवार ते शुक्रवार सभागृह, संध्याकाळी दोघींनी मिळून सूप गरम करायचं, पोरीला कोण खरं बोलतं आणि कोण नुसतं हसतं ते सांगायचं. तिला पोटची पोर नव्हती. हे ती कधी मोठ्याने म्हणाली नाही.

जूनमध्ये तिने नवऱ्याला विचारलं होतं. वेंडल अंगणात करवतीला धार लावत बसला होता, म्हणजे बसायचा प्रयत्न करत होता. त्याचा उजवा हात गेली दोन वर्षं थरथरायचा.

"वेंडल, उभी राहू का यंदा?"

"राहा की."

"हिवाळाभर तू एकटा."

"शेजारची ब्यूला येते ना दुपारची. सूप आणते. वाईट असतं, पण आणते."

"खरं सांग."

"राहा म्हणालो ना."

आल्माने ते खरं धरलं. इकडे माणसं एकदा म्हणाली की म्हणाली.

•

शनिवार. कचराडेपो.

ज्याला मतं हवीत त्याने शनिवारी कचराडेपोवर उभं राहायचं, ही इकडची रीत. घरोघर कचरा उचलायला कुणी येत नाही. प्रत्येक घर आपापल्या पिशव्या घेऊन शनिवारी स्वतः येतं. सभेला न येणारा माणूस कचरा टाकायला येतोच. काचेच्या पिंपापाशी आल्मा, पुठ्ठ्याच्या पिंपापाशी कॉरिन. ड्वाइट भंगाराजवळ, तिथे पुरुष जास्त रेंगाळतात. या सगळ्या राज्याचा राजा लायल, नारिंगी टोपीतला.

"प्लास्टिक डावीकडे, पुढारी उजवीकडे," लायल प्रत्येक गाडीला ओरडून सांगत होता.

"लायल, आज तरी गप्प बस."

"मी गप्प बसलो तर तुम्ही सगळे बाटल्यांत टिनाचे डबे टाकाल. आल्मा, तुझं काय काम इथे? तू आहेसच की."

"मी आहे रे. पण कॉरिनचं काय ते सांग."

लायलने कॉरिनकडे पाहिलं. ती कुणाच्या तरी पुठ्ठ्याची खोकी पाय देऊन चपटी करत होती, एका बाईला हसून काहीतरी सांगत. "पोर चांगली आहे. पण माझी मतं ठरलेली. एक तुला, एक ड्वाइटला."

"ड्वाइटला का?"

"मागच्या चिखलाच्या दिवसांत माझी गाडी रुतली, तेव्हा स्वतः येऊन दोन खेपा खडी टाकून गेला. पैसे घेतले नाहीत."

"म्हणून मत?"

"म्हणून मत. तू गेल्या सोळा वर्षांत माझ्या दारात काय टाकलंस?"

आल्मा हसली. लायलही. कॉरिन आठवडाभर ऑर्डवेत दारोदार फिरून हेच ऐकून आली होती. बसा, चहा घ्या, पोरं कशी आहेत, आणि शेवटी: आमचं आल्मा आणि ड्वाइट, राग मानू नकोस. रात्री फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता. "आल्मा, तुम्ही मला उगीच उभं केलंत. मी तुमचं नाव खराब करणार." तो आवाज आल्माच्या कानात होता. तेव्हा ती जे बोलली ते असं:

"मग असं कर लायल. ड्वाइटचं राहू दे ड्वाइटला. माझं मत तिला दे."

"तुझं?"

"मला कमी पडणार नाहीत. तुझ्या एका मताने माझं काय अडतंय?"

लायलने टोपी मागे सरकवली. "बरं," तो म्हणाला. तो असा माणूस की बरं म्हणाला की झालं.

आणि लायल कचराडेपोचा राजा होता, हे आल्मा विसरली.

•

तुकडे, पुढच्या तीन शनिवारांतले. कोण कुणाला म्हणालं याला महत्त्व नाही.

"आल्मा स्वतः म्हणते, माझं मत पोरीला द्या."

"बघ, एवढं मन आहे का कुणाचं?"

"बाईंचं हे पहिल्यापासून असंच. दुसऱ्याचं आधी."

"मग काय करायचं?"

"करायचं काय. ड्वाइट आणि पोरगी."

"आणि आल्मा?"

"तिला काय होतंय, ती येणारच."

"सोळा वर्षं झाली नाही? पुरे आता असं नाही वाटत तुला?"

"असं मी म्हणालो नाही."

"मी म्हणाले, तू ऐकलंस."

"कार्डबोर्ड इकडे नाही, तिकडे. किती वेळा सांगायचं."

•

चर्चच्या तळघरात चिकन पायचं, म्हणजे वर जाड आवरण घालून भाजलेल्या कोंबडीचं, जेवण होतं, दर ऑक्टोबरात असतं तसं. लांब टेबलं, कुस्करलेला भोपळा, रस्सा, बिस्किटांचं जाड झाकण. आल्मा वाढायला उभी होती. वेंडल कोपऱ्यात ड्वाइटशेजारी बसला होता. दोघं तरणे होते तेव्हापासून एकाच तंबूतून हरणाच्या शिकारीला जात. वेंडलच्या थरथरत्या चमच्यातून रस्सा सांडला, ड्वाइटने न बघितल्यासारखं करून स्वतःचा रुमाल त्याच्या ताटाखाली सरकवला.

एक म्हातारी बाई आल्माच्या मनगटाला धरून म्हणाली, "तुझं काम केलंय हो मी. घरच्यांना सगळ्यांना सांगितलं. पोरीला आणि ड्वाइटला."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

 आल्माने चिकन पायचा पुढचा ट्रे कापायला घेतला. किती मोठं कुटुंब आहे यांचं, सुना धरून, असा हिशेब तिने सुरू केला आणि मध्येच सोडला. हिशेब करणं कोतेपणाचं वाटलं. आता सगळ्यांना बोलावून सांगायचं काय? नाही, थांबा, मलाही द्या? ते तोंड तिच्याकडे नव्हतं.

हे तिचं चुकलं, असं कुणी म्हणू शकेल. पण त्या तळघरात, हातात सुरी घेऊन उभं राहून, दुसरं काही करून दाखवा.

•

मतदान नगरभवनात. मंगळवार, पाऊस नाही, बर्फ नाही, झाडांवर पान नाही. वेंडल आल्माच्या हाताला धरून आत गेला. पडद्यामागे त्याला वेळ लागला. पुष्कळ वेळ. रांगेतल्या माणसांनी छताकडे, बुटांकडे पाहिलं. आल्माला वाटलं, हात. गोलाच्या रेषेबाहेर जाऊ नये म्हणून झटतोय बिचारा. तिचे डोळे भरून आले.

बाहेर येऊन तो म्हणाला, "चल. थंडी आहे."

•

ऑर्डवेची मोजणी संध्याकाळी झाली, हाताने, टेबलाभोवती बसून. आल्मा घरीच थांबली. उमेदवाराने मोजणीत जाऊ नये असा संकेत आहे. दार वाजलं. निकाल सांगायला स्वतः लायल आला होता. टोपी हातात. त्याला बिनटोपीचं आल्माने कधी पाहिलं नव्हतं.

"पोरगी पहिली," तो म्हणाला.

"ऑर्डवेत? आपल्या ऑर्डवेत?" आल्माने त्याला मिठीच मारली. "बघ, मी म्हणत होते ना. आणि मी?"

लायलने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "किट्रिज यायचंय अजून," तो म्हणाला.

किट्रिजची नगरलेखनिक ग्लेनिस सकाळी फोनवर आली. ती तिन्ही उमेदवारांना लहानपणापासून ओळखत होती आणि आकडे वाचताना तिचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला. गोअरचे आधीच आले होते. बेरीज आल्माने कागदावर केली नाही. तिला तोंडी आली.

कॉरिन पहिली. ड्वाइट दुसरा. आल्मा नऊ मतांनी तिसरी.

"आल्मा?" ग्लेनिस म्हणाली. "आल्मा, कुणीच तुझ्याविरुद्ध नव्हतं गं. मी स्वतः कागद पाहिलेत. तुझा गोल नुसता रिकामा होता."

•

आता ती सकाळ सांगायची आहे. तिसऱ्या दिवसाची, न्याहारीची. आल्माने ती नंतर मनात पुष्कळदा सांगून पाहिली.

एकदा अशी: वेंडल म्हणतो, "पुन्हा मोजायची मागणी कर. नऊ मतं म्हणजे काय? मी माझं मत दिलंय तुला, ते तरी नीट मोजलंय का बघू." आणि ती हसते.

असं झालं नाही.

एकदा अशी: वेंडल काही बोलत नाही. ती काही विचारत नाही. ओटची लापशी गार होते. हिवाळा जातो.

असंही झालं नाही. असं झालं असतं तर बरं होतं.

झालं ते असं. कॉरिन येऊन गेली होती, पहाटे बस सुरू करायच्या आधी. दारातच उभी राहून रडली. "मी राजीनामा देते." "वेडी आहेस का," आल्मा म्हणाली. "लोकांनी तुला निवडलं. जा, पोरं थंडीत उभी असतील." मग आल्मा आत आली, न्याहारी मांडली, आणि कालपासून साठलेलं बोलली.

"लायल रडत होता. म्हणतो, मीच सगळ्यांना सांगितलं. मी म्हटलं, अरे, तू सांगितलंस ते मीच सांगायला लावलं होतं. पण वेंडल, मला एक कळत नाही. ज्यांना खात्री होती की मी येणारच, आणि ज्यांना वाटत होतं की म्हातारीने आता घरी बसावं, त्या दोघांनी कागद सारखाच टाकला. मी आता रस्त्यात कुणाला भेटले तर समोरचा त्यांतला कुठला आहे ते मला कसं कळणार? हसून बोलतील सगळे. सगळेच म्हणतील, तूच सांगितलंस ना."

वेंडलने चमचा खाली ठेवला. हात मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"मी कुठला ते विचार," तो म्हणाला.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही.

"ड्वाइट आणि कॉरिन," तो म्हणाला. "मी."

"तू."

"तू सगळ्या गावाला सांगत होतीस, माझं तिला द्या. मी गावातलाच आहे."

  आल्मा म्हणाली, "म्हणजे तुला खात्री होती, मी येईन म्हणून."

हो म्हणाला असता तर. त्याने तसं तोंड उघडलंही होतं. पण इकडची माणसं एकदा बोलायला लागली की अर्ध्यावर थांबत नाहीत.

"नाही," वेंडल म्हणाला. "मला तू घरी हवी होतीस."

"मग जूनमध्ये का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. नाही कसं म्हणणार? आणि गेल्या हिवाळ्यात मी पडलो होतो. अंघोळीच्या जागी. तुला सांगितलं नाही. ब्यूला दुपारी आली तेव्हा तिने उठवलं. तोवर तिथेच. फोन वाजत होता तुझा, मी फरशीवरून ऐकत होतो." तो थांबला. "माझ्या एका मताने काय होणार, असं वाटलं. नुसतं एकदा कुठेतरी लिहावंसं वाटलं. कुणी वाचणार नाही अशा ठिकाणी."

खरंच काही झालं नव्हतं त्याच्या मताने. नऊ होती, एक नव्हतं. त्याने तिला दिलं असतं तरी ती हरलीच असती. त्याच्यामुळे हरले असं म्हणून भांडायचीही सोय त्याने ठेवली नव्हती.

•

पुन्हा मोजणीची मागणी करायला आठवडा असतो. अर्ज द्यायचा जिल्ह्याच्या न्यायालयात. शेवटच्या दिवशी वेंडल दुपारी कोट घालून दारात बसला.

"चल. मी नेतो."

"तू गाडी चालवणार?"

"मग तू चालव. पण चल. नऊ म्हणजे काही नाही. घाईत मोजलंय सगळं, ग्लेनिसला चष्मा बदलायला झालाय. तू जिंकलीस तर मी निमूट काठी घेऊन हिंडेन, अंघोळीला दांडा बसवून घेईन, ब्यूलाला सकाळीही बोलावीन. तिचं सूपही पिईन."

आल्माने गाडी काढली. तो वाटभर बोलत होता, कधी नव्हे तो. दांड्याची उंची, ड्वाइटला सांगून खालच्याच खोलीत पलंग आणायचा, आणि ड्वाइट काय, पुढच्या खेपेला निवडून येईल. आल्मा ऐकत होती. रस्त्याच्या कडेला नारिंगी टोप्या दिसू लागल्या होत्या. शिकारीचा मोसम तोंडावर आला होता. यंदा वेंडल जाणार नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. बंदूक धरवणार नाही म्हणून. त्याने तेही सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

न्यायालयासमोर तिने गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं, हीटरसाठी.

"जा ना," वेंडल म्हणाला.

"वेंडल, समज जिंकले. जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी मी पिशवी भरते. तू दारात उभा. तू म्हणतोस, जा की."

"म्हणेनच."

"मला ऐकू काय येईल?"

वेंडलने हीटर उगाच वाढवला. ती पुढे बोलली,

"आणि समज नाही जिंकले. मी घरी. तू म्हणतोस, बरं झालं. तेव्हा तरी काय ऐकू येईल मला?"

"मी बोलायलाच नको होतं."

"बोलायला हवं होतंस. जूनमध्ये." तिचा आवाज चढला नाही. "मी बसले असते घरी. रडले असते आठवडाभर, आणि बसले असते. तुझ्यासाठी बसले असते. आता मी हरले म्हणून बसायचं. तुझ्यासाठी बसायची संधीच नाही राहिली माझ्याकडे. ती तू खाल्लीस."

वेंडलने समोरच्या काचेकडे पाहिलं. काचेवर दोघांच्या श्वासाची वाफ धरत होती. लोक न्यायालयातून बाहेर पडत होते, मफलर गुंडाळत, कुणी आल्माला ओळखून हात हलवला. तिनेही हलवला. कुठला असेल हा, तिच्या मनात आलं. आता हे असंच येत राहणार होतं, प्रत्येक हाताबरोबर.

सोळा वर्षं लोकांनी तिच्याकडे काय काय मागितलं होतं. पूल, शाळेचं छप्पर, नातवाची नोकरी, हरवलेली पेन्शन. कचराडेपोवर, चर्चमध्ये, रात्री-अपरात्री फोनवर. वेंडलने एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मागितली, आणि ती मागायला पडद्यामागे गेला. तिथे थरथरत्या हाताने, रेषेबाहेर न जाता, बराच वेळ घेऊन. आणि ती बाहेर उभी राहून त्याच्या कौतुकाने डोळे पुसत होती.

खिडक्यांतले दिवे एकेक करून मालवले. शिपाई बाहेर आला, दाराला कुलूप लागलं की नाही ते ढकलून पाहिलं आणि गेला.

"झालं," वेंडल म्हणाला. त्याचा हात मांडीवर उडत होता, पकडून आणलेल्या पाखरासारखा. दर वेळी ती आपसूक स्वतःचा हात त्यावर ठेवायची, बोलता बोलता, लक्षही न देता.

आल्माने त्या हाताकडे पाहिलं. ठेवायचा की नाही याचा तिला विचार करावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि वेंडलला ते दिसलं.

मग तिने ठेवला.